खो दिला की बसायचं

मराठीत ‘खो घालणं’ म्हणजे दुसऱ्याच्या चालत्या कामात आडकाठी आणणं. कुणाच्या ठरत आलेल्या सोयरिकीत खो घातला, कुणाच्या बढतीत खो घातला, असं आपण सर्रास बोलतो. मैदानावर मात्र खो देतात. पळणाऱ्यानं बसलेल्याच्या पाठीला हात लावायचा, त्याच क्षणी मोठ्यानं ‘खो’ म्हणायचं, आणि तो उठून धावला की त्यानं रिकाम्या केलेल्या चौकात आपण गुपचूप बसायचं. शाळेत असताना सांगलीच्या मैदानावर मी हे हजारो वेळा केलं असेल. त्यात एवढं काही दडलेलं आहे हे मला वयाच्या ४७ व्या वर्षी कळलं, डिचोली तालुक्यातल्या एका गावात, १० ते १४ वर्षांच्या ४२ मुलांच्या मधोमध उभी असताना.

लग्न होऊन मी गोव्यात आले त्याला २२ वर्षं झाली. मैदान सुटलं ते तेव्हाच. २०२५ च्या एप्रिलमध्ये गावातले काही शिक्षक आणि जुने खेळाडू घरी आले. मे महिन्याच्या सुट्टीत बारा दिवसांचं शिबिर ठरलं होतं, सकाळी साडेसहा ते नऊ. फुटबॉल, कबड्डी, खो-खो, आणि या खेळांमधून मुलांना जीवनकौशल्यं शिकवायची. मानधन काही नाही. फुटबॉलला माणसं भरपूर होती. गोव्याचा राज्यखेळच तो, भातकापणी झाली की शेतात दोन काठ्या रोवून मुलं सुरू होतात. खो-खोला मात्र कुणी मिळत नव्हतं. त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला होता. भारताच्या मुलांनी आणि मुलींनी, दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं होतं आणि मुलींची कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. त्याचे व्हिडिओ इथल्या मुलींनी मोबाइलवर इतक्या वेळा पाहिले होते, की ‘आमकां खो-खो जाय’ (आम्हाला खो-खो हवा) म्हणून त्यांनीच हट्ट धरला होता. मी हो म्हटलं ते त्या हट्टासाठी.

शिबिराआधी आम्हा पाच स्वयंसेवकांना एक छापील कागद मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० च्या दशकात शाळांसाठी जी दहा जीवनकौशल्यं सांगितली, त्यांची ती यादी होती. स्व-जाणीव, समानुभूती, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, निर्णय घेणं, समस्या सोडवणं, प्रभावी संवाद, नातेसंबंध जपणं, भावनांचं समायोजन, ताणाचं समायोजन. शब्द जड असले तरी त्यामागचा विचार मला पटलेला होता आणि अजूनही पटतो. पाढे आणि व्याकरण जसं कुणीतरी बसून शिकवावं लागतं, तसं रागावर ताबा ठेवणं किंवा ‘मला हे नको’ असं स्पष्ट सांगणं हेही शिकवावं लागतं. ते वयानं आपोआप येतंच असं नाही. आपल्या घराघरांतली मोठी माणसं पाहिली तरी हे लक्षात येतं.

म्हणून पहिल्या दिवशी मी शिकवायला बसले. मैदानाच्या कडेला फणसाचं झाड आहे, त्याखाली मुलांना गोल बसवलं आणि निर्णयक्षमता म्हणजे काय ते वीस मिनिटं सांगितलं. उदाहरणं दिली, प्रश्न विचारले. मुलं गुणी होती, एकही उठली नाही. पण त्यांचे डोळे फणसाच्या बुंध्यावरून ओळीनं वर चढणाऱ्या हुमल्यांवर, म्हणजे मुंग्यांवर, होते. शेवटी एका मुलानं हात वर केला. मला वाटलं, शंका असेल. त्यानं विचारलं, “टीचर, खेळूंया मगो?”

दुसऱ्या दिवसापासून तो कागद मी पिशवीतच ठेवला.

मैदान आम्ही मुलांकडूनच आखून घेतलं. तांबडी माती, वरती चुन्याची फक्की, दोन टोकांना दोन खांब आणि मधल्या पाटीवर आठ चौक. बसायचं कसं ते दाखवलं: एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. ज्यांनी खो-खो खेळला नाही त्यांना हा खेळ धावण्याचा वाटतो. खरं तर पकडणाऱ्या संघाचे एका वेळी नऊ गडी मैदानात असतात आणि त्यातले आठ बसलेले असतात. धावणाऱ्याला मधली रेघ ओलांडता येत नाही. एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागं फिरता येत नाही. ज्याला पकडायचं तो गडी रेघेच्या पलीकडे गेला की तुमचे पाय कितीही वेगवान असोत, त्यांचा उपयोग संपला. आता तिकडे तोंड करून बसलेल्याला उठवणं एवढंच तुमच्या हातात. आणि जो बसला आहे त्याला खो मागून मिळतो. तो देणाऱ्याचं तोंडही पाहत नाही. पाठीवर हात पडेपर्यंत, कानावर शब्द येईपर्यंत त्यानं हलायचं नाही, आधी उठला तर चूक.

शिबिरात सातवीतली एक मुलगी होती, लाल रिबनची. तिच्याइतकं वेगानं पळणारं त्या ४२ जणांत कुणी नव्हतं, फुटबॉलवाली मुलंसुद्धा नाही. ती आक्रमणाला उठली की पळतच राहायची. खांबाला वळसा, परत या टोकाला, पुन्हा वळसा. समोरचा गडी आरामात रेघ ओलांडून पलीकडे जायचा आणि ही एकटी लांबून फिरून येईपर्यंत कडेला उभा राहून श्वास घ्यायचा. बसलेल्या मुली वैतागायच्या. “टीचर, ती माका खोच दिना!” तिला बाजूला घेऊन विचारलं, खो का देत नाहीस गं? ती धापा टाकत होती, पण उत्तर तयार होतं. “तांकां धांवूंक जमना, टीचर.”

खरं होतं ते. तिच्याइतकं त्यांना जमत नव्हतंच. मी तिला सांघिक भावनेवर चार वाक्यं ऐकवू शकले असते आणि तिनं मान डोलावली असती. त्याऐवजी मी तिला पुढचा अख्खा डाव बसवलं. शिक्षा म्हणून नव्हे, आणि तसं तिला सांगितलंही. तिला सहाव्या चौकात बसवून म्हटलं, इथून फक्त बघ, कुणाला कधी उठावंसं वाटतंय ते. डाव संपल्यावर ती माझ्याकडे आली. तिच्या शेजारच्या चौकातल्या जाड्या मुलीचं तिला नवल वाटत होतं. धावायला ती मंद होती, पण गडी कुठून येणार हे तिला दोन पावलं आधी कळायचं, आणि ती बसल्या बसल्याच टाचा उचलून तयार व्हायची. “तिका पयलींच कळटा,” रिबनवाली म्हणाली. हे तिला पळताना कधीच दिसलं नसतं. पळणाऱ्याला फक्त पाठी दिसतात.

त्या दोघींची पुढं जोडी जमली, पण लगेच नाही. दोन दिवस रिबनवाली खो द्यायची आणि बसायला विसरायची, उभीच राहायची आपला गडी कुठं जातोय ते बघत. सगळ्या मिळून ओरडायच्या, “बस गो!”

माझ्या मते त्या कागदावर एक कौशल्य कमी होतं. आपली धाव दुसऱ्याच्या हाती सोपवून खाली बसणं. मला स्वतःला ते येत नव्हतं, घरात नाही, नोकरीत नाही, आणि त्या मैदानावरही नाही. कुठल्या मुलीनं कधी उठावं हे मी कडेला उभी राहून ओरडून सांगत होते. एका सकाळी फुटबॉल शिकवणारे म्हापशाचे सर, वयानं माझ्याहून मोठे, माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “ताई, सामन्यात तुम्ही नसणार ना?” मला ते लागलं. पण त्यानंतर मी डाव चालू असताना तोंड उघडायचं नाही असं ठरवलं आणि हातात एक खडा धरून ठेवला, बोलावंसं वाटलं की तो दाबायचा. पहिल्या दिवशी तळहातावर त्याचा वळ उठला होता.

पंचाचं काम मुलांनीच करायचं, हे त्यातूनच पुढं आलं. खो-खोच्या सामन्याला दोन पंच, त्यांच्यावर सरपंच, शिवाय वेळाधिकारी आणि गुणलेखक असा सगळा सरंजाम असतो. आमच्याकडे मी एकटी, आणि दर मिनिटाला “आऊट!” “आऊट न्हय!” म्हणून माझ्याकडे वळणारी वीस तोंडं. चकती फेकून खेळतात तो अल्टिमेट फ्रिस्बी हा खेळ जागतिक स्पर्धेतही पंचांशिवाय खेळला जातो. खेळाडूच आपली चूक सांगतात आणि वाद झाला तर आपसात मिटवतात. मी म्हटलं, आपणही करून बघू. पहिल्याच वादात वीस मिनिटं गेली. एक रडली, दोघे मैदान सोडून टाकीपाशी जाऊन बसले, कुणीतरी कुणाच्या तरी आजीपर्यंत पोचलं. शिबिराच्या अडीच तासांतली वीस मिनिटं म्हणजे फार झाली, आणि माझ्या हातातला खडा घामानं ओला झाला होता. शेवटी त्यांनी नियम केला. ज्याला हात लागला त्यानंच सांगायचं, आणि लावणारा आणि लागलेला यांचं एकमत नसेल तर ती धाव पुन्हा. हा नियम पुस्तकात नाही. पण तो त्यांनी केला म्हणून त्यांनी पाळला.

यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. ही मुलं खाणपट्ट्यातली आहेत. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा यातली बहुतेक जन्मलीही नव्हती. पुढं काही काळ सुरू होऊन मार्च २०१८ मध्ये त्या पुन्हा थांबल्या तेव्हा ती तीन ते सात वर्षांची होती. कुणाच्या बाबांचा ट्रक होता, कर्ज काढून घेतलेला, तो दारात उभा राहून गंजला. कुणाची आई तेव्हापासून औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळीवर जाते. खाणींनी डोंगर पोखरले, नदीनाले गाळानं भरले, शेतं तांबडी केली, त्या थांबवायलाच हव्या होत्या असं माझं मत आहे आणि गावात मी ते लपवत नाही. पण खाण सुरू झाली तेव्हा इथल्या घरांना कुणी विचारलं नव्हतं आणि बंद झाली तेव्हाही नाही. निर्णय लांब कुठंतरी होतो आणि जेवणाच्या ताटात उतरतो, हे या मुलांनी कळायच्या आधीपासून पाहिलेलं आहे. अशा मुलांना फणसाखाली बसवून निर्णयक्षमतेवर व्याख्यान देणं मला आता अन्यायाचं वाटतं. त्यांना निर्णयच द्यायला हवेत. छोटे असोत, मैदानापुरते असोत, पण खरे.

सातव्या दिवशी एका मुलाला पाठीवर पुसटसा हात लागला. लावणाऱ्या मुलीलाही कळलं नव्हतं, तिनं हात मागं घेतला होता. तो चार पावलं पळाला, थांबला, हात वर केला आणि बाहेर आला. त्याच्या संघातली मुलं त्याच्यावर ओरडली. तो काही बोलला नाही, मातीत बसून पायाच्या अंगठ्यानं रेघा काढत राहिला. त्याला जाऊन शाबासकी द्यावी असं फार वाटलं. दिली नाही. ती माझ्यासाठी केलेली गोष्ट नव्हती.

एक मुलगी तर पहिले तीन दिवस बोललीच नाही. खो देताना ती हात बरोबर लावायची, पण शब्द ओठांतच राहायचा. नुसता स्पर्श म्हणजे खो नव्हे, त्यामुळे प्रत्येक वेळी चूक धरली जायची आणि ती आणखी आक्रसायची. मी तिच्याशी प्रेमानं बोलून पाहिलं, श्वासाचे प्रकार शिकवले, काही उपयोग झाला नाही. चौथ्या दिवशी नाश्त्याला उंडे, म्हणजे गोल पाव, आणि चवळीची पातळ भाजी होती. खाऊन झाल्यावर पाहते तर पाच-सहा मुली गायब. मैदानाच्या मागं जुनी चिरेखण आहे, जांभा काढून काढून सरळ उभ्या भिंतींची विहिरीसारखी झालेली. तिथून आवाज येत होता: “खो! खोऽऽ!” त्या तिला तिथं घेऊन गेल्या होत्या. एक ओरडायची, भिंतींवरून दोन-तीन खो परत यायचे, मग दुसरी. शेवटी ती ओरडली. बारीक, चिरका आवाज, पण चिऱ्यांनी तो मोठा करून तिला परत दिला, आणि ती स्वतःच्याच आवाजाकडे वळून बघायला लागली, मागं कुणी आहे का ते.

आधी माझ्या पोटात गोळा आला होता. पावसाळ्यात अशा खणी पाण्यानं भरतात आणि गोव्यात त्यात बुडून मुलं गेल्याच्या बातम्या दर वर्षी वाचायला मिळतात. मे महिन्यात ती कोरडी होती म्हणून ठीक. मुलींना मी रागावले नाही, पण पाऊस पडल्यावर इथं पाऊल टाकायचं नाही हे सगळ्यांकडून वदवून घेतलं, आणि उरलेले दिवस रोज नाश्त्यानंतर दहा मिनिटं त्यांच्याबरोबर मीही जाऊ लागले. आम्ही सगळ्या ओरडायचो. मीही ओरडले. इतक्या मोठ्यानं मी शेवटची कधी ओरडले होते ते आठवेना.

त्याच वयाच्या मुलींचा आणखी एक प्रश्न होता आणि तो कुठल्याच कागदावर नव्हता. सहाव्या दिवशी सहावीतली एक मुलगी पोट दुखतंय म्हणून फणसाखाली बसली. तिची मैत्रीण माझ्या कानाशी येऊन कुजबुजली. पाळी पहिल्यांदाच आली होती, मुलीला काय झालंय ते अर्धवट ठाऊक होतं आणि ती घाबरून थंड पडली होती. शाळेच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं, किल्ली शिपाईकाकांकडे, ते दोन वाड्यांपलीकडे. किल्ली येईपर्यंत मी तिच्या कमरेला माझी ओढणी गुंडाळून तिच्याशेजारी बसून होते. खेळ सुटतो तो इथे, हे मला माझ्याच शाळेवरून माहीत होतं. आमच्या संघातल्या दोघी अशाच एकेक करून येईनाशा झाल्या होत्या; डागाची भीती, घरचं ‘आता मोठी झालीस’, आणि कुलूप लावलेलं दार. दुसऱ्या दिवसापासून किल्ली माझ्याकडे राहिली, आत एका डब्यात पॅड ठेवले आणि डबा कुठं आहे ते मी सगळ्यांसमोर, मुलांसमोरही, पाण्याची टाकी कुठं आहे हे सांगावं तितक्याच साधेपणानं सांगितलं. दोघे-तिघे हसले, मग हसायचे थांबले. ती मुलगी दोन दिवसांनी परत आली. मला वाटतं, अख्ख्या शिबिरात माझ्या हातून झालेलं सर्वांत उपयोगी काम म्हणजे ती किल्ली.

आणि एक चूक. पाचव्या दिवशी एक मुलगा पुन्हा उशिरा आला, सलग तिसऱ्यांदा. सगळ्यांसमोर मी त्याला म्हटलं, वेळ पाळता येत नसेल तर शिबिराला येऊ नकोस. तो मान खाली घालून ओळीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. सुट्टीच्या वेळी फुटबॉलच्या सरांनी त्याला विचारलं तेव्हा कळलं. “नळाक उदक सकाळींच येता.” आई पहाटेच्या पाळीला जाते, पाणी सहाच्या पुढं येतं, ते भरून धाकट्या बहिणीला आजीकडे सोडून तो धावत येत होता. म्हणजे माझ्या कागदावरची निम्मी कौशल्यं तो मैदानावर पोचायच्या आधीच रोज वापरत होता, आणि मी त्याला शिस्त शिकवत होते. रात्री झोप लागली नाही. सकाळी सगळे गोलात उभे राहिल्यावर मी त्याच्याकडे वळून म्हटलं, काल मी न विचारता बोलले, माझी चूक झाली, मला माफ कर. ओरडले सगळ्यांसमोर होते, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागायला हवी होती. त्याला इतकं अवघडल्यासारखं झालं की त्याला वर बघता येईना. “जाता, टीचर,” म्हणजे ‘होतं असं’, एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून मैदानात ‘माजी चूक’ हे दोन शब्द अधूनमधून ऐकू येऊ लागले. आधी ऐकले नव्हते.

शेवटच्या दिवशी पालक आले. लोटा-कळशी भरून कोकमचं सरबत, कुणाच्या झाडाचे मानकुराद आंबे. मी बोलण्यासाठी चार मुद्दे लिहून आणले होते. पण पोचले तेव्हा मुलांनी फक्की मारायला घेतली होती. दोरी न लावता. मधली पाटी एका टोकाला जवळजवळ हातभर वाकली होती. दोरी माझ्या पिशवीत होती. ती मी तशीच राहू दिली आणि पालकांमध्ये जाऊन बसले. सामन्यात रिबनवालीनं एकदाच चूक केली, खो देऊन उभी राहिली, आणि कुणी ओरडायच्या आत स्वतःच खाली बसली. जाड्या मुलीनं खांबापाशी गडी टिपला. रिबनवालीची आई माझ्या शेजारी होती. ती म्हणाली, “आमचें बसलें मगो?” मुलगी बाद झाली असं वाटून तिचा चेहरा पडला होता. मी तिला खेळ समजावून सांगायला लागले, आणि सांगता सांगता डाव कधी संपला ते कळलंच नाही.

त्या वर्षी पाऊस लवकर आला. मे संपायच्या आतच असा कोसळला की फक्कीची एकही रेघ उरली नाही, मैदानावरून तांबड्या पाण्याचे ओहोळ वाहिले. उघडीप मिळाल्यावर मी खांब काढायला गेले, ते साखळीच्या एका शाळेतून मागून आणलेले होते आणि परत करायचे होते. चिखलात आठ मुलं बसली होती, एकाआड एक तोंड करून. रेघा नसल्यामुळे चौकांच्या जागी त्यांनी फणसाची पानं ठेवली होती आणि पानं उडू नयेत म्हणून त्यावर चिऱ्याचे तुकडे. पाणी भरून येणारा मुलगा पळत होता. बाहेर उभी राहून निकाल द्यायला कुणी नव्हतं.

मी खांबाला हात लावताना पाहून ती चिरक्या आवाजाची मुलगी बसल्या जागेवरून ओरडली, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशी, “टीचर, खांब आनीक दोन दीस उरूं दी!”

मी शाळेत फोन करून सांगितलं, गुरुवारी आणते.